गायरानावर १० हजार झाडं लावण्याआधी: माळ, लांडगा आणि माळढोक

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाला ६० एकर गायरान आहे, खडकाळ आणि मुरमाड. एक कंपनी तिथे १० हजार झाडं लावून द्यायला तयार आहे. वनखात्यातला एक कर्मचारी मात्र सांगतो की इथे चिंकारा आणि लांडगे आहेत, झाडं लावू नका. झाडं लावून प्राण्यांचं नुकसान कसं होईल? आणि आमच्या शेळ्या उचलणारा लांडगा वाचवायचा तरी कशाला?

माझं उत्तर आधीच सांगतो: लावू नका. निदान सगळ्या ६० एकरांवर तर नकोच. कारण सांगायला जरा वेळ लागेल, कारण यात चूक तुमची नाही. दीडशे वर्षं आपल्याला सरकारी कागदांनीच शिकवलंय की जिथे झाड नाही आणि नांगर चालत नाही ती जमीन पडीक. इंग्रजांच्या महसूल खात्याला सारा देईल तेवढीच जमीन कामाची वाटायची. स्वातंत्र्यानंतर देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे निघाले, त्यातही गवताळ आणि झुडपी माळ पडीकच्याच रकान्यात बसले. तुमच्या सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, हा शब्द त्याच घराण्यातला.

मी या कामात पडलो तेव्हा मलाही तसंच वाटायचं. एका माळावर आम्ही पोरांनी मोठ्या उत्साहात गिरिपुष्प लावलं होतं. उंदीरमारी म्हणतात ते. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं, फांदी खोचली तरी जगते. म्हणून वृक्षारोपणवाल्यांचं लाडकं. झाडं जगली, आम्ही खूश. पाच-सहा वर्षांनी गेलो तर खाली गवत नव्हतं, चंडोल नव्हते, आणि पहाटे हमखास दिसणारी धाविकची, म्हणजे माळावर पळत फिरणाऱ्या छोट्या पक्ष्याची, जोडी तर नव्हतीच. झाडं हिरवी होती आणि माळ मेलेला होता. तेव्हापासून मी खड्डे खणायला जात नाही.

आता मुळात तो माळ काय आहे ते बघू. सह्याद्री ओलांडला की पाऊस एकदम उतरतो. पुरंदर, बारामती, इंदापूर, नगरकडचं कर्जत, सोलापूर या पट्ट्यात वर्षाला साधारण ४०० ते ७०० मिलिमीटर. त्यात खाली काळा पाषाण, वर वीतभर मुरूम. अशा जागी घनदाट जंगल कधी नव्हतंच, की जे तुटलं आणि मागे माळ उरला. इथे गवत मुख्य आणि झाड पाहुणं: एखादा हिवर, बोर, बाभूळ, खैर, मध्ये तरवडाची झुडपं. पटत नसेल तर आपल्या गावांची नावं काढून बघा. हिवरे, बाभूळगाव, बोरी, तरवडी, खैरवाडी. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्या डोळ्यांसमोर कुठली झाडं होती? अलीकडे अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांतून, ओव्यांतून, स्थळकथांतून वनस्पतींचे उल्लेख वेचले, तेव्हा साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे याच माळाच्या काटेरी वनस्पती होत्या असं दिसलं. त्याच्याही मागे जायचं तर चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे घ्या. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे कोरीव तुकडे मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. शहामृग काही दाट जंगलात पळत नाही. खानदेशात एके काळी शहामृग हिंडत होते, हे मला आजही दर वेळी नव्याने गंमतीचं वाटतं.

तर या माळावर राहणारे प्राणी ‘झाडं नसतानाही’ तिथे राहत नाहीत. झाडं नाहीत म्हणूनच राहतात. प्रश्नाची मेख इथे आहे.

चिंकाऱ्याचं उदाहरण घ्या. त्याचा सगळा जीव लांबचं दिसण्यात आणि पळण्यात आहे. तुमच्या ६० एकरांवर १० हजार झाडं म्हणजे हिशेब केला तर दर सोळा फुटांवर एक झाड. शिवाय पाणी अडवण्यासाठी कंपनी सलग समपातळी चर मारणार. अशा जागी कुत्र्यांचं टोळकं मागे लागलं की चिंकारा पळणार कुठे? पाणवठ्याचीही त्याला फारशी पर्वा नसते, कोवळ्या पाल्यातल्या ओलाव्यावर तो बरेच दिवस काढतो. त्याला पाहिजे मोकळीक.

धाविक आणि माळटिटवी घरटंच बांधत नाहीत. उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी अंडी घालतात, पुष्कळदा ऐन उन्हाळ्यात. शेजारी उंच झाड आलं की त्यावर कावळा बसतो, शिक्रा बसतो, आणि वरून सगळं दिसतं. थंडीत येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी कझाकस्तानसारख्या दूरच्या गवताळ प्रदेशांतून येतात आणि रात्री जमिनीवरच, उंच गवतात, कळपाने झोपतात. दिवसभर नाकतोडे टिपतात. ज्वारी-हरभरा करणाऱ्या माणसाने तरी त्यांच्या निजायच्या जागी खड्डे खणू नयेत.

आणि गवत स्वतः? कुसळीचं बी पाहिलंय ना, पायजम्यात घुसून जीव नकोसा करतं ते. त्याच्या शेपटीला ओल लागली की ती पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते, आणि या फिरण्याने बी स्वतःला जमिनीत रुतवत नेतं. स्वतःची पेरणी स्वतः करणारं हे गवत. पवना, मारवेल ही तर जनावरांची आवडती. यांचा मोठा पसारा जमिनीखाली मुळांत असतो, म्हणून वणवा गेला, दुष्काळ पडला तरी पहिल्या पावसाबरोबर माळ हिरवा होतो. चरासाठी यंत्र फिरवून मुरूम वर काढला की ही मुळं उपटली जातात आणि ती परत बसायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. रोप मेलं तर पुढच्या वर्षी दुसरं लावता येतं. उपटलेला माळ पुन्हा लावता येत नाही, निदान मला तरी अजून जमलेलं नाही.

याचा शेवट कुठे होतो ते माळढोकाकडे बघून कळतं, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

सोलापूरजवळच्या नान्नजचं नाव देशभर झालं ते या पक्ष्यामुळे. जवळपास मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. मादी एका विणीत बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, आणि जवळजवळ महिनाभर उबवते. त्या महिन्यात एक भटकं कुत्रं किंवा एक नांगर पुरेसा असतो. राष्ट्रीय पक्षी निवडायची चर्चा होती तेव्हा पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी माळढोकाच्या बाजूने मत मांडलं होतं. १९६३ साली मान मोराला मिळाला. मोराला त्याची गरज नव्हती, असं आम्ही लोक आपसांत म्हणतो.

१९७९ साली इथे माळढोक अभयारण्य झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात चौदा मुंबया मावतील. आत शेकडो गावं, बाजारपेठा, लोकांच्या खाजगी जमिनी. हेतू चांगला होता. पण प्रत्यक्षात शेतकऱ्याला कळलं ते एवढंच की जमीन विकायची तर अडचण, कारखाना काढायचा तर अडचण, रस्ता करायचा तर परवानगी. ‘माळढोक दिसला की जमीन गेली’ ही भीती बसली. गंमत म्हणजे तोपर्यंत हा पक्षी शेतकऱ्याच्याच आधाराने जगत होता. मालदांडी ज्वारी, करडई, हरभरा असली कोरडवाहू पिकं, मध्ये पडीक तुकडे, किडे-नाकतोडे भरपूर, औषधफवारणी नाही. माळढोकाला आणखी काय पाहिजे? मग उजनीचं पाणी आलं, ऊस आला, विहिरी आल्या, विजेचे खांब आले. पुढे अभयारण्याचं क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर उशीर झाला होता. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रातली बातमी असते.

देशभरात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरलेत, बहुतेक सगळे राजस्थानात जैसलमेरकडे, जिथे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राज्यपक्षी आहे. तिथे शत्रू वेगळाच निघाला: विजेच्या तारा. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही, आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. तार दिसेपर्यंत आदळलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली टाकायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. आनंदाची गोष्ट आहे. पण ती पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे? त्यासाठी माळ लागतो. म्हणजे फिरून तुमच्या गायरानापाशीच आलो.

तुमच्या गायरानात माळढोक येईल असं मी म्हणत नाही. उगाच आशा दाखवायची नाही. पण जे गेलं ते कशामुळे गेलं हे कळलं तर जे उरलंय ते राखता येतं. आणि तुमच्याकडे जे उरलंय त्यात लांडगा आहे.

आता लांडगा. इथे तुम्ही चिडलेले आहात आणि ते बरोबर आहे. ज्याच्या चार शेळ्या आहेत त्यातली एक गेली तर ते सहा महिन्यांचं नुकसान असतं. शहरातून येऊन ‘निसर्गाचा समतोल’ वगैरे सांगणाऱ्यांना मीही टाळतो.

पण काही गोष्टी समोर ठेवतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात लांडगे तीन हजारांच्या थोडे वर आहेत. त्याच वर्षीच्या गणनेत वाघ निघाले सरासरी ३,६८२. म्हणजे ज्या वाघासाठी राखीव प्रकल्प, निधी, पर्यटन, त्याच्यापेक्षा तुमच्या माळावरचा लांडगा कमी आहे, आणि तो बहुतांशी अभयारण्यांच्या बाहेर, गायरानात आणि शेतांच्या बांधावर जगतो. त्याला बघायला कुणी सफारीची जिप्सी काढत नाही. भारतीय लांडग्याचं कूळ जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी आहे, हे जनुकीय अभ्यासातून दिसलंय. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, मारला तर तीन ते सात वर्षं तुरुंगवास. कायद्याची भीती घालायला हे सांगत नाही, पण विष घालायचं कुणाच्या मनात असेल तर माहीत असलेलं बरं.

दुसरं, प्रत्येक मेलेली शेळी लांडग्याच्या खात्यावर टाकू नका. मी बरेच पंचनामे जवळून पाहिले आहेत. लांडगा साधारण नरड्याला धरतो, एक जनावर उचलतो आणि शक्य असेल तर ओढून नेऊन खातो. मागच्या मांड्या फाडलेल्या, पोट फोडलेलं, तीन-चार जनावरं मारून टाकलेली आणि खाल्लेलं काहीच नाही, असं दिसलं तर आधी गावातल्या कुत्र्यांकडे बघा. उघड्यावर टाकलेल्या कोंबड्यांच्या कचऱ्यावर पोसलेली ही कुत्री आज माळाचं सर्वांत मोठं दुखणं आहेत. ती चिंकाऱ्याची पाडसं मारतात, रेबीज आणि डिस्टेंपर हे जीवघेणे रोग लांडग्यांना देतात, आणि आता तर पुण्याच्या परिसरात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. लांडगा संपला तर जागा रिकामी राहणार नाही. ती कुत्र्यांचीच होईल, आणि कुत्रं माणसाला भीत नाही.

तिसरं, धनगरांना विचारा. त्यांच्याइतकं लांडग्याने कुणाचं नेलेलं नाही, तरी मला भेटलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळांपैकी क्वचितच कुणी ‘सगळे मारून टाका’ म्हणालं. एका बाबांनी मला सांगितलं होतं, “त्याचा वाटा त्यो नेतोय. आमची वाघर ढिली असली तर त्यात त्याचा काय गुन्हा?” वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. सगळी कला तिच्यात, जागत्या कुत्र्यात आणि कोकरं आत ठेवण्यात आहे. मात्र सरकारी भरपाईचं गणित या लोकांना जमत नाही, हेही खरं. आज या शिवारात, उद्या त्या. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मेंढरांचा वाडा पुढे गेलेला असतो. हे दुरुस्त व्हायला हवं आणि ग्रामपंचायतीने यात मध्ये पडलं तर बराच फरक पडतो.

तर मग ६० एकरांचं करायचं काय? सगळ्यात आधी काहीच करू नका, एक वर्ष नुसतं बघा. ऑक्टोबरच्या शेवटी, जानेवारीत, एप्रिलमध्ये आणि पहिल्या पावसानंतर पहाटे चालत फिरा, सोबत एखादा जुना मेंढका घ्या. एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकलेल्या लेंड्यांचा ढीग दिसला तर तो चिंकाऱ्याचा. केसांनी भरलेली, वाळून पांढरी पडलेली विष्ठा लांडग्याची असू शकते. एकमेकांजवळ चार-पाच तोंडं असलेली बिळं खोकडाची, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याची. डिसेंबर-जानेवारीत मुरमाच्या ओघळीला लांडग्याचं बीळ सापडलं तर फोटो काढून सगळ्या गटांवर टाकू नका, फक्त वनरक्षकाला कळवा आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिकडे कुणाला जाऊ देऊ नका.

झाडं लावायचीच असतील तर शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, देवळामागे, बांधावर. तिथे वड, चिंच, करंज, कडुनिंब मजेत येतील. ओढ्याला माती आहे, ओल आहे. तिथे झाड असायलाच हवं. माळावर जे हिवर-बोरी आपोआप उगवतात ते तसेच राहू द्या, कुऱ्हाड लावू नका. बाहेरून आलेली वेडी बाभूळ शिरली असेल तर ती मात्र मुळासकट काढा. त्यात कंपनीच्या लोकांना भरपूर घाम गाळता येईल.

गवतासाठी गायरानाचे तीन-चार भाग पाडा आणि आळीपाळीने एकेक भाग पावसाळाभर चराईला बंद ठेवा. कायमची बंदी नको. चराई पूर्ण थांबली की गवत वाढून आडवं पडतं आणि मग चंडोल-धाविकलाही ते नको होतं, शिवाय धनगरांशी भांडण उभं राहतं ते वेगळंच. बी गळून पडल्यावर विळ्याने कापणी करा. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कापून नेण्याच्या शिस्तीवर चाऱ्याचा प्रश्न सोडवला, ते जाऊन बघण्यासारखं आहे.

मोबदल्याचं म्हणाल तर फार स्वप्नं दाखवणार नाही. पुणे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केलीय, स्थानिक पोरांना वाटाड्याचं काम मिळतं. प्रत्येक गावाला ते जमेलच असं नाही. चाऱ्याचा फायदा मात्र प्रत्येक गावाला मिळतो.

एक सावधगिरी. झाडांना नाही म्हटलंत की त्याच जागेवर सौर पट्ट्यांचा प्रस्ताव येण्याची शक्यता बरीच आहे, कारण कागदावर ती अजूनही पडीकच आहे. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात नुसतं ‘झाडं नकोत’ असं लिहू नका. ‘सदर गायरान चराऊ कुरण व वन्यप्राण्यांचा अधिवास म्हणून राखण्यात येत आहे’ असं स्पष्ट लिहा, दिसलेल्या प्राणी-पक्ष्यांची यादी तारखांसह जोडा आणि एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या. ठराव म्हणजे काही अभेद्य भिंत नाही, पण नंतर कुणी ‘तिथे काही नव्हतंच’ म्हणू शकत नाही.

आणि कंपनीला परत पाठवू नका. त्यांना मार्चच्या आत पैसा खर्च करायचा असतो आणि फोटो पाहिजे असतो, एवढंच. त्यांना सांगा, मेंढपाळांना नव्या मजबूत वाघरी द्या, वस्तीवर शेळ्यांसाठी वरून जाळी मारलेले गोठे बांधून द्या, कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी करा, वाळलेलं गवत साठवायला एक शेड द्या. शेडवर त्यांच्या नावाची पाटी लावू द्या. हवी तेवढी मोठी.